मुलाला थेरपी हवी का? ठरवण्याआधी काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या शाळांमधून मी समुपदेशनाचं काम करते. पालक माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा बहुतेकांचा क्रम उलटा झालेला असतो. काहीजण तीन दिवसांच्या हट्टावरून "बाई, एडीएचडी आहे का बघा" (म्हणजे लक्ष न लागण्याचा, अतिचंचलपणाचा विकार) म्हणत येतात. काहीजण चार वर्षं टॉनिकं, गंडे, शाळाबदल, मुंबईला मामाकडे ठेवून बघणं हे सगळं उरकून येतात. दोघांचंही राहून गेलेलं काम एकच असतं. मुलाचं नेमकं काय अडलंय, हे कुणी नीट बघून लिहिलेलं नसतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. निर्णयापर्यंत पोचायला सात-आठ आठवडे लागतात. टप्पा शून्य मात्र आजच.

## टप्पा ० : वाट बघायची नाही अशा गोष्टी

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हालचाल करा.

- मूल मरण्याबद्दल बोलतंय, लिहितंय, किंवा स्वतःला इजा करतंय.
- कुणीतरी मारतं, अंगाला नको तसा हात लावतं, असं त्याने सांगितलं किंवा तशी दाट शंका आली.
- खाणं-पिणं जवळजवळ थांबलं.
- येत असलेलं बोलणं, चालणं किंवा शी-शूवरचा ताबा अचानक गेला. झटका आला. नसलेले आवाज ऐकू येतात म्हणतं.

सल्ल्यासाठी टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६. चोवीस तास सुरू, मोफत, मराठीतून बोलता येतं. जिवाला धोका असेल तर १०८ (रुग्णवाहिका). अत्याचाराची गोष्ट असेल तर १०९८ (चाइल्डलाइन) किंवा पोलीस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) तसा प्रकार कळल्यावर कळवणं बंधनकारक आहे, आणि "वाडीत बोभाटा नको" ही सबब त्यात कुठेच बसत नाही. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि थांबा. आत्या, काका, शेजारीण अशा प्रत्येकासमोर त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

"मरावंसं वाटतं का?" असं थेट विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे, त्याला बोलायला जागा मिळते.

आजच करा : आंबा-काजूच्या फवारणीची उरलेली औषधं, तणनाशक, उंदराचं औषध आपल्याकडे पडवीत नाहीतर मांगरात फळीवर उघडं पडलेलं असतं. ते कुलपात टाका. मूल एरवी शांत असलं तरीही.

## टप्पा १ : दोन आठवड्यांची वही

साधी दोनशे पानी वही चालेल. रोज रात्री पाच मिनिटं. काय झालं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर कोण काय म्हणालं आणि किती वेळात निवळलं, एवढंच लिहायचं.

सगळ्यांची पहिली चूक इथे होते. लोक घडलेलं लिहीत नाहीत, निकाल लिहितात. "हट्टीपणा केला." "लक्ष नाही." "नाटकं." असल्या वहीचा काही उपयोग होत नाही. "गृहपाठाची वही काढ म्हटल्यावर दप्तर ढकललं, वीस मिनिटं खाटेखाली बसला" असं लिहिलं तर मला काहीतरी कळतं.

हे एका आईच्या वहीतलं पान. मुलगा तिसरीत. तिच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत बदलून देते आहे.

> सोमवार. ७.१० ला उठवलं. पेज अर्धी टाकली. पोटात दुखतं, बेंबीजवळ. ८.४० ला गाडी गेली. ९ ला खळ्यात सायकल फिरवत होता. दुखतं का विचारलं तर "आता नाय."
>
> मंगळवार. तसंच. उमासे आले, उलटी नाही.
>
> बुधवार. नारळी पौर्णिमेची सुट्टी. ६ ला आपणहून उठला. पोटाचं नाव नाही.
>
> गुरुवार. पोट. मी रागावले. रडत गेला. दुपारी बाईंचा फोन, वर्गात ठीक आहे.
>
> शुक्रवार. गेला. घरी आल्यावर गप्प. "गणिताला नवे गुरुजी आलेत" एवढंच म्हणाला.

या आईने तोवर दोनदा जंताचं औषध दिलं होतं, एकदा सोनोग्राफी केली होती. घरात मत पडलं होतं की पोरगा लबाड आहे. पान वाचल्यावर तिला स्वतःलाच दिसलं की दुखणं शाळेच्या गाडीला बांधलेलं आहे. आणि दुखणं खोटं नव्हतं. काळजीने पोट खरोखरच दुखतं, मोठ्यांचंसुद्धा.

काही बारीक गोष्टी:

मूल आजीकडे राहत असेल तर आजीने सांगावं, दुसऱ्याने लिहावं. आजीला लिहायचा कंटाळा असेल तर तिचा व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोपसुद्धा चालतो. मुंबईहून रात्री फोनवर "आज कसा होता?" विचारून बापाने लिहिलेली नोंद चालत नाही. त्यात आजीचा त्या दिवशीचा मूड जास्त उतरतो.

चांगलंही लिहा. कशात रमला, कुणासोबत हसला, कधी काहीच झालं नाही.

वही मुलासमोर काढू नका. "थांब, वहीत लिहिते" ही धमकी झाली की वही मेली.

तपासा : चौदापैकी दहा दिवस तरी भरलेत का? नसतील तर आणखी एक आठवडा. गणपतीचे, शिमग्याचे किंवा परीक्षेचे दिवस मोजू नका. त्या दिवसांत कोणतंच मूल नेहमीसारखं नसतं.

## टप्पा २ : काय अडलंय ते शोधा

वही समोर घ्या आणि चार जागा तपासा: झोप, खाणं, शाळा, आणि माणसं (यात खेळ आला). प्रत्येक जागेसमोर "अडलंय" किंवा "चाललंय" एवढंच लिहा. मूल विचित्र वागतंय का, हा प्रश्नच सोडून द्या. मुंग्यांची रांग तासभर बघणारं मूल जर जेवतंय, झोपतंय, शिकतंय आणि त्याला एक मित्र आहे, तर त्याला मुंग्या बघू द्या.

जिथे "अडलंय" लिहिलंत तिथे पुढचे प्रश्न.

किती दिवस? उदासी, कशातच रस नसणं दोन आठवडे रोज टिकलं तर दखल घ्यायची. भीती किंवा काळजीमुळे नेहमीची कामं बंद पडून महिना झाला तर घ्यायची. चंचलपणा, लक्ष न लागणं यासाठी निदान सहा महिन्यांचा काळ बघतात.

किती ठिकाणी? घरी, शाळेत, आजोळी, तिन्हीकडे तसंच असेल तर गोष्ट मुलाजवळ आहे. एकाच तासाला, एकाच घरात, एकाच माणसासमोर होत असेल तर आधी ती जागा तपासा. एडीएचडीचं निदानसुद्धा एकाच ठिकाणच्या वागण्यावरून करत नाहीत.

वयाला धरून आहे का? दोन-तीन वर्षांचं मूल बाजारात लोळण घेणारच. चार-पाचव्या वर्षी अंधाराची भीती असतेच, आणि आपल्याकडे भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही. रात्री अंथरुण ओलं करण्याला पाच वर्षांपर्यंत कुणी आजार म्हणत नाही. सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं तर मात्र लवकर बघा. चौदाव्या वर्षी दार लावून बसणं हे लक्षण नव्हे. मित्रांचे फोन घेणं बंद केलं, आवडती कबड्डी सोडली, मार्क एकदम घसरले, आणि वर दार लावून बसतो, तर बघायला हवं.

एका बाबतीत हा सगळा हिशेब लागू नाही. वर्ष झालं तरी बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलणं नाही. किंवा येत असलेले शब्द गेले, तर वही न करता थेट टप्पा ३. "याचा बापूस पण उशिरा बोललेला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला आता राग येतो. बापूस बोलला असेल. हे मूल बोलेल याची ती हमी होत नाही, आणि लहान वयातले महिने परत मिळत नाहीत.

आता आपल्याकडच्या काही खास परिस्थिती. इथे गल्लत होते.

*चाकरमानी आई-बाप.* गणपती किंवा मे महिना संपवून आईवडील मुंबईची गाडी धरतात. त्यानंतर आठ-दहा दिवस मूल किरकिरं होतं, नीट जेवत नाही. ही ताटातूट आहे, आजार नव्हे. दर वेळी महिनाभर टिकत असेल, किंवा दिवाळीनंतरही निवळत नसेल, तर "अडलंय" लिहा.

*पाऊस, वारा, पूर.* निसर्ग वादळ (३ जून २०२०), तौक्ते (मे २०२१) किंवा २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्या मुलाने डोळ्यांनी बघितला, त्याला पाऊस वाढला की दप्तर माळ्यावर ठेवावंसं वाटू शकतं. घटनेनंतरचे पहिले काही आठवडे झोपमोड, चिकटून बसणं, तीच तीच गोष्ट खेळात येणं हे होतंच. महिन्यानंतरही तसंच असेल, किंवा दर जूनमध्ये झोप उडत असेल, तर ती थेरपीने कमी होण्यासारखी गोष्ट आहे. "पावसाळा संपला की होईल बरा" म्हणून दरवर्षी पुढे ढकलू नका.

*भाषा.* घरी मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी किंवा एकदम इंग्रजी. पहिलीतलं मूल वर्गात गप्प राहतं आणि अहवालात "संवादकौशल्य कमी" असं येतं. त्याच मुलाला घराकडच्या बोलीत विचारा, "काल खंय गेललंस?" घडाघडा बोललं तर त्याच्या बोलण्यात दोष नाही. शाळेचा पहिला महिना तर मोजूच नका. पण घरी पोपट आणि शाळेत ओळखीच्या मैत्रिणीशीही महिनोन्महिने एक शब्द नाही, ही वेगळी अडचण आहे. तिच्यावर इलाज आहे, आणि "मुकी" म्हणून चिडवण्याने ती वाढते.

सावध : या टप्प्यावर इंटरनेटवरची प्रश्नावली भरून निदान काढू नका. "माझा मुलगा ऑटिस्टिक" म्हणत खोलीत शिरणाऱ्या पालकाचं बोलणं त्या एका शब्दाभोवतीच फिरत राहतं.

## टप्पा ३ : आधी शरीर

मनाची गोष्ट ठरवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मला आलेल्या मुलांपैकी काहींची "थेरपी" चष्म्याच्या दुकानात संपली आहे.

- कान : बोलत नाही, ऐकत नाही, हाक मारली तरी बघत नाही, यासाठी श्रवण तपासणी सगळ्यात आधी. "टीव्ही लावला की येतो, म्हणजे ऐकू येतं" हा पुरावा नाही. काही आवाज ऐकू येतात, काही नाहीत, असंही असतं.
- डोळे : फळ्यावरचं उतरवून घेत नाही, डोकं दुखतं.
- रक्त : हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांना वाटलं तर थायरॉइड. रक्त कमी असलेलं मूल आळशी, चिडकं, बेध्यान दिसतं.
- झोप : घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का? नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथींमुळे (ॲडिनॉइड) रात्रीची झोप मोडली की दिवसा चंचलपणा दिसतो.
- पोट : अंथरुण ओलं होण्यामागे बरेचदा बद्धकोष्ठ असतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.
- मध्येच हरवणं : बोलता बोलता काही सेकंद नजर स्थिर, हाक पोचत नाही, मग जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू. हे फिटचं एक रूप असू शकतं. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

पैशाची ओढाताण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडे नाव नोंदवा, ते पुढे जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. पथकाची वाट बघत बसायचीही गरज नाही, आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट जाता येतं.

हा टप्पा दोन आठवड्यांत उरका. टॉनिकची बाटली हातात घेऊन परत आलात तर तपासणी झालेली नाही.

## टप्पा ४ : घरात आणि शाळेत तीन आठवडे, एका वेळी एकच बदल

बोलण्याचा उशीर आणि टप्पा शून्यातल्या गोष्टी सोडून बाकी सगळ्यांना हा टप्पा लागतो. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

आधी वर्गशिक्षकांना भेटा. पालकसभेत नको, तिथे सगळ्यांसमोर कुणी खरं बोलत नाही. मधल्या सुट्टीत जा आणि "कसा आहे?" विचारू नका, उत्तर "बरा आहे" असंच येईल. हे विचारा: डबा कुणासोबत खातो? कोणत्या तासाला उठतो? लिहिताना मागे पडतो की वाचताना? कुणी चिडवतं का? गाडीत कोण बसतं शेजारी? शेवटचा प्रश्न विसरू नका. वर्गात जे होत नाही ते गाडीत होतं.

मारणं, उठाबशा, सगळ्यांसमोर अपमान हे चालू असेल तर शिक्षण हक्क कायद्यात (२००९) शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. भांडायला जाण्याआधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला, मग गरज पडल्यास लेखी.

पोटदुखीवाल्या मुलाच्या आईने हेच केलं. नवे गुरुजी पाढे चुकले की फळ्याजवळ उभं करत होते. तिने विचारलं, त्यांनी थांबवलं. भांडण झालं नाही. दुखणं आठवड्यातून पाच दिवसांवरून दोनावर आलं. पण वही चालू होती म्हणून आणखी काही दिसलं: आई विहिरीवर गेली तरी हा मागे येतो, वाढदिवसाला कुणाकडे जात नाही, रात्री दिवा घालवू देत नाही. गुरुजी हे कारण होतं, पण एकमेव नव्हतं.

घरात एकेक बदल करा, आठवड्याला एक. झोपायची वेळ ठरवून मोबाइल त्याच्या तासभर आधी बंद. रोज वीस मिनिटं मोठ्या माणसाने मुलासोबत बसायचं, मुलाने सांगितलेलं करायचं, शिकवायचं नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी एका गोष्टीवर एकच उत्तर द्यायचं. आई नाही म्हणते, आजी पदराआडून देते, हे थांबवणं सगळ्यात कठीण, माझ्या अनुभवात.

सगळं एकदम बदलू नका. फरक पडला तर कशाने पडला हे कळत नाही, आणि दहा दिवसांत घर थकतं.

देवाचं काय? गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, मी त्याच्या आड येत नाही. आजीचा जीव थाऱ्यावर आला तर मुलाचंही बरं होतं. पण कौल मिळेपर्यंत तपासणी थांबवू नका. आणि कुणी "बाहेरचं" काढतो म्हणून मुलाला मारणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं सांगितलं तर उठून या. महाराष्ट्रात अशा अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे.

## टप्पा ५ : निर्णय, एका ओळीत

वहीच्या शेवटच्या पानावर ही ओळ पूर्ण करा: "गेले ___ आठवडे, ___ मुळे माझ्या मुलाला ___ करता येत नाही."

पोटदुखीवाल्याची ओळ अशी होती: "गेले दहा आठवडे, मी नसले तर काहीतरी होईल या भीतीमुळे त्याला एकट्याने शाळेत, खेळायला आणि झोपायला जाता येत नाही."

ओळ पूर्ण होते, आणि टप्पा ४ नंतरही खरी राहते, म्हणजे जायचं.

ओळ पूर्ण होत नसेल, "येत नाही"च्या जागी "आम्हाला आवडत नाही" असं काही येत असेल, तर मुलाला नेऊ नका. तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. लहान मुलांच्या हट्ट-रागाच्या बाबतीत पालकांसोबतच केलेलं काम बरेचदा पुरतं, मुलाला खुर्चीत बसवावं लागत नाही.

ओळ अर्धवट खरी असेल तर थांबा, पण तारीख टाकून. "बघू" ही तारीख नाही. कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरचा दिवस, गोल करून.

## टप्पा ६ : कुणाकडे?

"थेरपी" हा एकच दरवाजा नाही. चुकीच्या दारात सहा महिने जातात.

बोलणं किंवा ऐकणं: वाचा-श्रवण तज्ज्ञ. एकूण वाढ मागे, हालचाल, नजरेला नजर न देणं: डीईआयसी किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, तिथून गरजेप्रमाणे ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतलेला सराव). भीती, उदासी, धक्का, राग: मुलांसोबत काम करणारे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक. औषध लागेल असं वाटतंय, झोप-भूक पूर्ण बिघडली, भास: मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर.

वाचन-लेखन अडतंय पण बोलण्यात हुशार: अध्ययन अक्षमतेची चाचणी. ती साधारण आठव्या वर्षाआधी पक्की करत नाहीत. दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) तिचा समावेश आहे आणि दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण त्यासाठी सरकारने अधिकृत केलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दर वर्षी जानेवारीत कुणीतरी दहावीतला मुलगा घेऊन धावत येतं. आठवीत या.

आपल्या भागात माणसं कमी आहेत, हे खरंय. ओरोसचं (सिंधुदुर्गचं) जिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय इथून सुरुवात करा. तळकोकणातले लोक गोव्यात बांबोळीला जातातच. तिथे गोवा मेडिकल कॉलेजशेजारी मानसोपचाराची वेगळी संस्था आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

ऑनलाइन चालतं का? किशोरवयीन मुलांना आणि पालकांना चांगलं चालतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर बसवून खेळातून काम करणं अवघड. रेंज येते म्हणून मुलाला शेजारच्या गच्चीवर बसवून बोलायला लावू नका. शेजारी सगळं ऐकत असतो.

फोनवर हे विचारा:

- शिक्षण काय? चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? विचारण्यात काही गैर नाही, चांगली माणसं आपणहून सांगतात.
- या वयाच्या मुलांसोबत काम करता का?
- पालकांना किती वेळा भेटता?
- फरक पडतोय हे कशावरून ठरवाल?
- मालवणी कळते का? (हसू नका, लहान मुलांसाठी हा कामाचा प्रश्न आहे.)

सावध : बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांनाही नाही. "२१ दिवसांत गॅरंटी", आधीच चाळीस भेटींचे पैसे, आणि मुलाला न बघता फोनवर निदान, या तिन्ही ठिकाणांहून परत फिरा.

## टप्पा ७ : मुलाला आणि घरच्यांना सांगणं

"कुडाळला बाजारात जाऊया" म्हणून नेऊन दवाखान्यात बसवू नका. पुढच्या खेपेला ते बाजारालाही येणार नाही. "वागला नाहीस तर डॉक्टरकडे नेते" हेही नको.

लहान मुलाला असं सांगता येतं: "तुझ्या पोटात सकाळी गोळा येतो ना, तो का येतो ते शोधायला मदत करणाऱ्या एक ताई आहेत. तिथे इंजेक्शन नसतं. मी बाहेरच बसणार." मोठ्या मुलाला: "तुला झोप लागत नाहीये, मला काय करावं कळत नाहीये. एकदा जाऊ, मग पुढचं तू सांग."

आजी-आजोबांची समजूत वेगळी काढावी लागते. "माझ्या नातवाक काय येड लागलेला नाय!" हे वाक्य येणारच. वाद घालू नका. वही वाचून दाखवा. पोटदुखीवाल्याच्या आजीने गुरुवारचं पान ऐकलं आणि म्हणाली, "तरी मी सांगी होतंय, पोराक मारू नकात." तिला मुद्दा आमच्याआधीच कळला होता, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

वाडीत काय सांगायचं? एसटीत चढताना तीन जण विचारतात. "डॉक्टरकडे" एवढं पुरे.

## टप्पा ८ : पहिली भेट आणि पुढच्या सहा

सोबत न्या: वही, टप्पा ३ चे कागद, शाळेच्या दोन वह्या (एक चांगली, एक वाईट), जन्माच्या वेळची आणि लसीकरणाची माहिती. पहिल्या एक-दोन भेटी माहिती घेण्यातच जातात. "काहीच केलं नाही, नुसतं विचारत होते" म्हणून सोडू नका.

मूल बाहेर आल्यावर "काय विचारलं? काय सांगितलंस?" असं एसटीत सुरू करू नका. जे तुम्हाला कळायला हवं ते थेरपिस्ट सांगतील. मुलाला सोडा द्या, खिडकी द्या.

सहाव्या-आठव्या भेटीला शेवटच्या पानावरची ओळ काढा आणि एकत्र वाचा. त्या आईने थेरपिस्टसोबत मोजमाप ठरवलं होतं: आठवड्यात किती दिवस गाडीने गेला. पहिल्या आठवड्यात दोन. मध्ये एका आठवड्यात शून्य. सातव्या भेटीपर्यंत चार. यावरून ती पुढे जायचं की नाही हे ठरवू शकली. आकडा हलत नसेल तर थेरपिस्टना तसं विचारा: पद्धत बदलायची का, दुसऱ्या कुणाला दाखवायचं का? हे विचारल्यावर चिडणारा माणूस बदला.

मध्येच थोडं बिघडू शकतं. ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ जायचं काम सुरू झालं की पोट पुन्हा दुखतं. तेव्हाच बहुतेक पालक सोडतात. सोडण्याआधी एक फोन करा.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवा. दर आठवड्याला खेळाचा तास बुडवून नेलंत तर मूल तुमच्याशी नाही, थेरपीशी भांडेल. जुलै-ऑगस्टसाठी पंधरवड्याची भेट आणि मध्ये एक फोन असं आधीच बोलून ठेवा, कारण घाट आणि व्हाळ (ओढे) कुणाची अपॉइंटमेंट बघून भरत नाहीत.